वीकेंडसाठी जुनी युरोपियन स्पोर्ट्स कार घ्यायचीय? मग कमी चाललेली गाडी शोधणं आधी थांबवा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती बघत बसणारा माणूस सगळ्यात पहिले काय करतो, तर रनिंगचा फिल्टर लावतो. चाळीस हजाराच्या आतली दाखव, तीस हजाराच्या आतली दाखव, आणि मग एखादी वीस वर्षांची पॉर्शे बॉक्सस्टर फक्त अठरा हजार किलोमीटर चाललेली दिसली की याचे डोळे चमकतात, जणू काही ती गाडी इतकी वर्षं कुणी फ्रीजमधे ठेवली होती. नव्हती ठेवली. ती कुठल्यातरी गॅरेजमधे कव्हर घालून उभी होती, तिची बॅटरी चार-पाच वेळा मेली, टायर एकाच जागी दबून राहिले, आणि मालक दर दोन-तीन महिन्यांनी येऊन ती दहा मिनिटं नुसती चालू करून परत बंद करायचा आणि त्याला वाटायचं आपण गाडीची किती काळजी घेतोय.

माझं मत थोडं उलटं आहे. वीकेंडची गाडी घ्यायची तर चाललेली घ्या. नियमित चाललेली, चालवता चालवता वेळेवर दुरुस्त होत गेलेली, आणि बिलांची जाड फाइल सोबत असलेली. आणि मॉडेल निवडतानाही हाच प्रश्न स्वतःला विचारायचा की ही गाडी मला दर शनिवारी सकाळी बाहेर काढावीशी वाटेल का, कारण जी काढावीशी वाटणार नाही ती तुमच्याकडेही उभीच राहणार.

गाडी उभी राहून खराब होते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एकेक गोष्ट बघा ना. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, मग गाडी दोनशे किलोमीटर चालली असो की वीस हजार. सील, होज, सस्पेन्शनचे बुश, दारांचं बीडिंग हे सगळं रबर वापराने झिजतं तसंच नुसत्या वयानेही कडक होऊन तडकतं. डिस्क गंजतात, कॅलिपर जॅम होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. एसी महिनोन्महिने लावला नाही की त्याचे सील सुकतात आणि गॅस निघून जातो. इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं की आत पाण्याची वाफ जमते आणि ऑइल पुरेसं गरमच न झाल्यामुळे ती उडून जात नाही, ऑइलमधेच मिसळते. त्या दहा मिनिटांच्या काळजीने इंजिनचं उलट नुकसानच होतं. चालू करायचीच असेल तर पंधरा-वीस किलोमीटर नीट चालवून आणा, नाहीतर हातच लावू नका आणि बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा.

टायमिंग बेल्टचंही तेच. बेल्ट बदलायचा हिशोब किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल ते, असा असतो, पण विकणारा नेमके किलोमीटरच सांगतो. "अजून वेळ आहे हो, चालली कुठे आहे?" असं कुणी म्हणालं की बेल्ट कोणत्या साली बदलला ते विचारायचं. आणि टायरवर चार आकडी कोड असतो तो वाचायला शिका, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसतेय पण टायर दहा वर्षांचा आहे असं कमी चाललेल्या गाड्यांमधे कायम दिसतं, आणि असा कडक झालेला टायर ओल्या वळणावर कधी सुटेल सांगता येत नाही. टायरवरनं मालकही कळतो. भारी गाडीला चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्तातले टायर असतील तर न दिसणाऱ्या भागांवर त्याने किती खर्च केला असेल याचा अंदाज तुमचा तुम्हीच बांधा.

आता कोणती गाडी. इथे लोक हॉर्सपॉवरच्या मागे लागतात आणि मला ते कधी कळलंच नाही. वीकेंडला तुम्ही जे रस्ते धरता ते वळणाचे, अरुंद, आणि तिथे बहुतेक वेळ तुम्ही चाळीस ते नव्वदच्या मधे असता. साडेचारशे हॉर्सपॉवरची गाडी तिथे दुसऱ्या गिअरमधेच कायद्याच्या बाहेर जाते, म्हणजे तुम्ही पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणार कधी आणि वरचे आरपीएम ऐकणार कधी? त्यापेक्षा हलकी गाडी, हातात रस्ता सांगणारं स्टिअरिंग, बरा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि दीडशे ते अडीचशेच्या मधली ताकद, यात मजा कितीतरी जास्त आहे. हे लिहिलं की कुणीतरी म्हणतंच, मग माझदाची एमएक्स-५ घे ना. बरोबर आहे, पण ती जपानी, आणि आपला विषय युरोपियन आहे. (गंमत म्हणजे २०१६ पासून विकली गेलेली फियाट १२४ स्पायडर ही माझदाच्याच हिरोशिमाच्या कारखान्यात बनायची, फक्त इंजिन फियाटचं १.४ टर्बो. नाव इटालियन, पत्रिका जपानी. वाईट अजिबात नाही, पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याला तर मी ती डोळे झाकून सुचवेन.)

सगळ्यात जास्त वेळ मी बॉक्सस्टरवर घालवणार आहे कारण हा प्रश्न विचारणारे निम्मे लोक शेवटी तिथेच येऊन थांबतात, आणि घाबरूनही तिथेच थांबतात. पहिली बॉक्सस्टर म्हणजे ९८६, १९९६ साली आली, २.५ लिटरचं सहा सिलिंडरचं फ्लॅट इंजिन बरोबर मधे, सीटच्या मागे, ताकद दोनशेच्या जरा वर. मग २.७ ची साधी आणि ३.२ ची जास्त ताकदीची एस आली. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, स्टिअरिंग हायड्रॉलिक, पुढे एक डिक्की मागे एक डिक्की, दोन दिवसांचं सामान आरामात बसतं. कागदावर याहून चांगली वीकेंडची गाडी सापडणं अवघड आहे. मग ती एवढी स्वस्तात का मिळते? काही लोकांना ती खरी पॉर्शे वाटत नाही हे एक (हा वाद मी घालत नाही, घालणाऱ्यांनी एकदा चालवून बघावी), आणि दुसरं म्हणजे आयएमएस बेअरिंग.

तर हे आयएमएस प्रकरण काय आहे ते नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीवर लोक चांगल्या गाड्या सोडतात आणि वाईट घेतात. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक इंटरमीडिएट शाफ्ट असतो, क्रँकवरून तो चेनने फिरतो आणि तो पुढे कॅमशाफ्टच्या चेन फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय. काळाबरोबर त्याचं सील सुकतं, आतलं ग्रीस धुतलं जातं, ऑइल थोडंसं आत शिरतं आणि तिथेच पडून राहतं, ताजं ऑइल काही पोचत नाही. शेवटी बेअरिंगचे तुकडे होतात, शाफ्ट डुगडुगतो, टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन गेलं. दुरुस्ती नाही, नवीन इंजिन. सुरुवातीच्या गाड्यांना दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकाऊ निघालं. साधारण २००० पासून एका ओळीचं बेअरिंग आलं आणि जास्त तक्रारी त्याच्याच, अमेरिकेत २००१ ते २००५ मॉडेलच्या गाड्यांवरून क्लास ॲक्शन खटला होऊन तडजोडही झाली. त्यानंतर मोठ्या आकाराचं बेअरिंग आलं, ते मजबूत आहे पण इंजिनची केस उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही. आणि २००९ मॉडेलपासून इंजिनच नवीन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. विषय संपला.

म्हणजे घाबरायचं किती? सगळी इंजिनं फुटत नाहीत, बहुतेक फुटलेली नाहीत. पण फुटलं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च, त्यामुळे दुर्लक्षही करता येत नाही. बदलता येणारं बेअरिंग क्लचच्या कामाबरोबर बदलून घेतात, कारण गिअरबॉक्स तेव्हा उतरलेलाच असतो आणि लेबर वाचतं. म्हणून सगळ्यात आधी शोधायचं ते क्लचचं बिल आणि त्यात बेअरिंगचा उल्लेख. ते बिल असलेली लाखभर किलोमीटर चाललेली गाडी मला अठरा हजार चाललेल्या आणि मूळ बेअरिंग असलेल्या गाडीपेक्षा कधीही जास्त आवडेल. या इंजिनांवर काम करणाऱ्या कितीतरी मेकॅनिकांचं म्हणणंही असंच की नियमित चाललेली, लवकर लवकर ऑइल बदललेली इंजिनं बरी टिकतात, कारण गरम ऑइल आणि सतत फिरणं हेच बेअरिंगला हवं असतं. घेण्यापूर्वी ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद उघडून बघायला सांगा, त्यात चमचमणारे धातूचे कण दिसले तर आभार मानून घरी या.

बाकी बॉक्सस्टरचं बघायचं तर सीटखालचं कार्पेट दाबून बघा. कापडी टप असलेल्या या गाडीत पाणी वाहून जायला मागे छिद्रं असतात, ती पानं-धूळ अडकून तुंबतात आणि पाणी थेट आत येतं, आणि ९८६ मधे एक महत्त्वाचं कंट्रोल युनिट नेमकं सीटखाली बसवलंय. ते भिजलं की सेंट्रल लॉकिंगपासून गाडी चालू न होण्यापर्यंत काहीही. पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारून रेडिएटरसमोर साचलेला कचरा बघा, तो ओला राहून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर कुजवतो. मागच्या डिक्कीतली कूलंटची टाकी तडकते. चालू करताना एकदाच थोडासा धूर आला तर दचकू नका, फ्लॅट इंजिनात ऑइल आडवं साचतं आणि उभ्या राहिलेल्या गाडीत असं होतं, पण पांढऱ्या धुराचे ढग निघत राहिले तर एअर ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग, गेलेला असू शकतो. आणि ३.४ लिटरच्या ९८७ एस (९८७ म्हणजे बॉक्सस्टरची दुसरी पिढी) किंवा तिच्या बंद छताच्या बहिणीत, केमन एस मधे, २००९ च्या आधीच्या, सिलिंडरच्या भिंतींना ओरखडे पडण्याचा प्रकार होतो. टिकटिक आवाज आणि ऑइल खाणं ही त्याची लक्षणं. तिथे बोरस्कोपने, म्हणजे बारीक कॅमेरा आत घालून सिलिंडर बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २.७ मधे हे तुलनेने कमी. उगाच एस च्या मागे न लागण्याचं हे पण एक कारण.

लोटस एलीस हा पूर्णपणे वेगळा माणूस. १९९६ ची पहिली एलीस सव्वासातशे किलोच्या आसपास, म्हणजे बॉक्सस्टरपेक्षा पाचशे किलो कमी, आणि त्यात १.८ लिटरचं रोव्हरचं के-सिरीज इंजिन, १२० च्या आत हॉर्सपॉवर. पॉवर स्टिअरिंग नाही, लागतच नाही. कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या, रोमानो आर्तिओली यांच्या नातीचं नाव एलिसा, तिच्यावरून गाडीचं नाव. अशा गाडीत साठच्या स्पीडला जे वाटतं ते दुसऱ्या गाडीत दीडशेला वाटत नाही. पण के-सिरीजचं हेड गॅस्केट उडणं प्रसिद्ध आहे. कूलंट कमी, रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, हेड जागेवर धरणाऱ्या पिना सुरुवातीला प्लास्टिकच्या. सुधारित गॅस्केट आणि स्टीलच्या पिना घालून हे काम एकदा नीट झालेली गाडी घ्या म्हणजे डोक्याला ताप कमी. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर दिसला की सगळे गॅस्केट गेलं म्हणून ओरडतात, पण छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलीनेही येतो. त्यामुळे कूलंटची पातळी आणि प्रेशर टेस्ट, दोन्ही बघून मगच ठरवा.

२००४ पासून टोयोटाचं १.८ इंजिन असलेली एलीस मिळते, १९० च्या आसपास हॉर्सपॉवर आणि सहा हजाराच्या वर गेलं की दुसरा कॅम लागतो आणि आवाज एकदम बदलतो. आधीपेक्षा शांत डोक्याने वापरता येणारी गाडी. पण कुठलीही एलीस असली तरी शरीर फायबरग्लासचं आणि खाली डिंकाने, म्हणजे इपॉक्सीने चिकटवलेली ॲल्युमिनियमची चासी, त्यामुळे पुढचा किंवा मागचा आख्खा भाग एकसंध, छोटी धडकही महागात पडते, आणि चासीला मार बसला असेल तर ती ठोकून सरळ करण्यातली नाही. गाडी लिफ्टवर चढवा. मागच्या चाकांचे टो-लिंक, म्हणजे चाकाचा कोन धरून ठेवणारे दांडे, बघा, ट्रॅकवर वापरलेल्या गाडीत तर नक्कीच. आणि टप लावलेला असताना आत बसून आणि बाहेर येऊन बघा, हसू नका, खरंच बघा. गुडघे-कंबरेची तक्रार असलेल्या माणसाला एलीस पहिले दोन आठवडे आवडते, मग ती गॅरेजमधे उभी. आपण टाळतोय तेच.

बीएमडब्ल्यूकडे वळायचं तर झेड ३ ही अमेरिकेत स्पार्टनबर्गला बनलेली युरोपियन गाडी, १९९५ ते २००२. मागचं सस्पेन्शन जुन्या ई३० थ्री-सिरीजच्या धर्तीचं. सहा सिलिंडरची २.८ छान आहे. बघायचं काय, तर डिक्कीतलं कार्पेट उचलून फ्लोअर, डिफरेंशियल जिथे लटकतं तिथला पत्रा आणि वेल्डिंग फाटतं. शिवाय त्या काळातल्या बीएमडब्ल्यूची कूलिंग सिस्टिम, म्हणजे रेडिएटरची टोकं, एक्स्पान्शन टँक, वॉटर पंप, यात प्लास्टिक भरपूर. हे सगळं वयानुसार तडकतं, रनिंग बघत नाही. एकदाच सगळं बदललेल्याचं बिल असेल तर सोनं. झेड ४ (पहिली, ई८५) मधे टप उघडणारी हायड्रॉलिक मोटर अशा जागी आहे की पाण्याची छिद्रं तुंबली की ती बुडते. आणि साध्या झेड ४ ला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, काही गाड्यांमधे ते मधोमध चिकटल्यासारखं होतं, पण झेड ४ एम ला हायड्रॉलिक दिलं होतं. माझ्या मते तेवढ्यासाठीच ती आठवणीत राहते.

बीएमडब्ल्यूच्याच एम३ ला (ई४६ पिढीच्या) लोक स्पोर्ट्स कार म्हणतील का सेडानचा कूपे म्हणतील माहीत नाही, पण वीकेंडला ती घेणारे बरेच आहेत. ३.२ लिटर, आठ हजार आरपीएम, ३४३ हॉर्सपॉवर. तीन गोष्टी विचारायच्या. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बदलली का, व्हॅनोस म्हणजे कॅमचं टायमिंग बदलणारा भाग त्याचं काम झालं का, आणि मागचा सबफ्रेम जिथे बसतो तिथला फ्लोअर तडकला होता का, तडकला असेल तर कसा दुरुस्त केला. व्हॉल्व्ह क्लिअरन्स पण ठराविक काळाने सेट करावा लागतो, हे काम नको वाटलं म्हणून टाळणारे मालक भेटतात. या गाडीत एक गोष्ट फार आवडते मला, टॅकोमीटरवर दिवे आहेत, इंजिन थंड असताना ते खालच्या आरपीएमपासून पेटलेले असतात आणि ऑइल गरम होईल तसे एकेक विझत जातात. टेस्ट ड्राइव्हला मालकाला आधी चालवू द्या. दिवे पेटलेले असताना त्याने गाडी पिळली तर तो गेली काही वर्षं काय करत होता हे विचारायची गरज नाही.

ऑडी टीटी, पहिली, १९९८ ची, दिसायला आजही नवी वाटते. गोल्फचा प्लॅटफॉर्म. वेगात मागून हलकी होते म्हणून कंपनीने सुरुवातीच्या गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, लावलं होतं, ते लागलेलं आहे ना बघा. चालवायला बरी, पण वळणांवर जीव ओतत नाही. मर्सिडीज एसएलके घडीच्या पत्र्याच्या छतासाठी लोक घेतात, त्याचे हायड्रॉलिक सिलिंडर गळतात, आणि दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या व्ही६ इंजिनात बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजतो, दुरुस्तीला इंजिन खोलावं लागतं. ती आरामात फिरायची गाडी, त्यासाठी घ्या, बाकी अपेक्षा नकोत. आल्फा जीटीव्ही आणि स्पायडर, १९९० च्या दशकातल्या, त्यांचं व्ही६ म्हणजे जुझेप्पे बुस्सोंनी काढलेलं इंजिन, आवाज ऐकून माणूस सही करतो. सही करायच्या आधी बेल्ट कधी बदलला ते विचारा. अल्पीन ए११० (२०१७ ची) बजेटमधे बसत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, अकराशे किलोच्या आसपास, २५२ हॉर्सपॉवर, फक्त मॅन्युअल मिळत नाही.

आणि मग येतो तो मोह. जुनी मासेराती, ॲस्टन व्ही८ व्हँटेज, ज्या नवीन असताना स्वप्नात पण नव्हत्या त्या आता एखाद्या चांगल्या नव्या सेडानच्या भावात दिसायला लागतात. किंमत उतरली ती गाडीची. पार्ट आणि लेबर अजून तेव्हाच्याच वर्गाचं आहे. यांच्याच वर्गातल्या जुन्या फेरारी ३५५ ला टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवतात. व्हँटेजचा क्लच बदलायला मागचा गिअरबॉक्स आणि तो इंजिनशी जोडणारी मधली टॉर्क ट्यूब हलवावी लागते. मासेरातीच्या कँबिओकोर्सा, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, गिअरबॉक्सचा क्लच गर्दीत हळूहळू सरकण्यानेच संपतो, निदान तो किती टक्के उरलाय हे स्कॅनरवर वाचता तरी येतं, ते वाचूनच बोला. डॅशबोर्डची बटणं वयाने चिकट होतात हे तर फेरारी आणि मासेराती दोघांचं. मी घेऊ नका म्हणत नाहीये. पण या गाड्या बिलाच्या धास्तीने उभ्या राहतात, आणि उभं राहून त्यांचं बिल अजून वाढतं.

बघायला जायच्या आधी विकणाऱ्याला एकच सांगून ठेवायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला, आणि इंजिन मागे असेल तर मागच्या झाकणाला हात लावा, गरम असेल तर का ते विचारा. थंड इंजिनात जे आवाज येतात, चेनचे, लिफ्टरचे, ते दोन मिनिटांत गायब होतात आणि गायब झाल्यावर तुम्ही काहीच ऐकू शकत नाही. थंडपणी दुसरा गिअर खरखरला तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद पाडणारी कडी, झिजलाय, गरम झाल्यावर तोच लोण्यासारखा पडेल. टप दोनदा उघडा, दोनदा बंद करा. काचा, एसी, सगळी बटणं. पेंटची जाडी मोजायचं मीटर न्या, कंपनीचा पेंट साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आत असतो, एखाद्याच दारावर एकदम पाचशे-हजार दाखवलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ॲल्युमिनियमला चालणारं मीटर आहे ना ते आधी बघून घ्या, आणि एलीसवर ते काढूच नका, फायबरग्लासवर साध्या मीटरचा उपयोग नाही.

मग स्कॅनर. बऱ्याच पॉर्शेंच्या कंट्रोल युनिटमधे इंजिन एकूण किती तास चाललं ते नोंदलेलं असतं. किलोमीटर भागिले तास केलं की सरासरी स्पीड मिळतो. मीटरवर तीस हजार आणि तास दोन हजार असतील तर सरासरी पंधरा, म्हणजे एकतर गाडी आयुष्यभर गर्दीत रांगली किंवा मीटर मागे फिरवलाय. त्याच युनिटमधे ओव्हररेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची, नोंद पण असते. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्यात टाकताना चुकून दुसऱ्यात पडली की इंजिनला चाकं फिरवतात, तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. वरच्या टप्प्यांच्या नोंदी असतील आणि त्या अलीकडच्या तासांवर असतील तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधे हवा भरून ती किती गळते ते बघणं) केल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे सगळं त्या ब्रँडवरच काम करणाऱ्या, आणि विकणाऱ्याशी काहीही संबंध नसलेल्या मेकॅनिककडून करून घ्यायचं. विकणारा याला नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात, सस्पेन्शन चांगल्या कंपनीचं आणि बिलासकट असेल तर चालेल, इंजिन रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललेलं, असेल तर मला नको. ऑटोमॅटिक की मॅन्युअल यावर भांडणं होतात, मी मॅन्युअलवाला, पण पॉर्शेचा पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, ज्याला आवडतो त्याला मी वेड्यात काढणार नाही. एसएमजी आणि तसले जुने एका क्लचचे ऑटोमॅटिक मात्र हळू चालवताना इतके धक्के देतात की वीकेंडचा मूड जातो.

मला स्वतःला आज निवडायला सांगितलं तर ९८७ बॉक्सस्टर, २००९ किंवा नंतरची, साधी २.९, मॅन्युअल. २५५ हॉर्सपॉवर, आयएमएसचा प्रश्न नाही, स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक (पुढच्या ९८१ पासून इलेक्ट्रिक झालं), आणि एस नसल्यामुळे मागणी जरा कमी. रंग कुठलाही. दोन-तीन मालक झालेले असले तरी चालतील, सत्तर-ऐंशी हजार रनिंग असलं तरी चालेल, दर वर्षीचा ऑइल बदलल्याचा कागद पाहिजे आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे पाहिजेत. गाडीच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवेन, घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, ब्रेक ऑइल, कूलंट, बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट बदलून टाकेन, पाण्याची छिद्रं साफ करेन, आणि तेवढे बाजूला ठेवता येत नसतील तर ९८७ सोडून १२४ स्पायडर बघायला जाईन.